चौदा दिवसांची चिठ्ठी

आईचा हात थरथरतो, हे मला कपबशीमुळे कळलं. नागपूरचा मे महिना, कूलर घरघरत होता, आणि त्या आवाजातही बशीवर कपाची किणकिण ऐकू येत होती. मी पाहिलं, तर तिने दुसऱ्या हाताने बशी घट्ट धरून ठेवली.

"काय झालं गं?"

"काही नाही रे. वय झालं. हात ऐकून नाही राहिला आता."

तिचं वय ७१. कारण पटण्यासारखं होतं. मला ते पटवून घेणं सोयीचंही होतं.

मग बाकीच्या गोष्टी दिसू लागल्या. दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत तिचं टपोरं अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलेलं. खुर्चीतून उठताना दोन-तीन हिसके घ्यावे लागायचे. चालताना पाय फरशीला घासत. नातीच्या विनोदावर ती हसायची, पण चेहरा हलायचाच नाही. माझी बहीण पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "आई रागावली आहे का आपल्यावर?" आई रागावली नव्हती. तिचा चेहराच थिजला होता.

धंतोलीत एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तिचे हात कोपरातून वाकवून पाहिले, बोटं टिचकीसारखी उघड-मीट करायला लावली, चालायला लावलं. मग विचारलं, "औषधं कोणती चालू आहेत?"

"बीपीची एक गोळी," मी म्हणालो. "बस."

"घरात जी काही औषधं आहेत ती सगळी एका पिशवीत घालून आणा. मलमसुद्धा."

दुसऱ्या दिवशी मी कापडी पिशवी त्यांच्या टेबलावर रिकामी केली. बीपीची गोळी, कॅल्शियम, गुडघ्याचं तेल, इसबगोल, आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूलची स्ट्रिप. त्यांनी नेमकी तीच उचलली. "हे कधीपासून?"

कधीपासून? मला हिशेब करावा लागला. मागच्या भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर आईचं पोट बिघडलं होतं. पुरण, आंबील, सोळा भाज्या, त्यात दिवसभराची दगदग. जळजळ, ढेकर, दोन घासांत पोट भरल्यासारखं. आमच्या डॉक्टरांनी तपासून कॅप्सूल लिहून दिली होती : रोज एक, सकाळी उपाशीपोटी, १४ दिवस. तिसऱ्या दिवशीच तिला आराम पडला. पंधरवडा संपल्यावर आठवड्याभरात पुन्हा जळजळ सुरू झाली. तेव्हा मी रिकामी स्ट्रिप खिशात घालून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. त्याने स्ट्रिप पाहिली, फळीवरून दुसरी काढली. चिठ्ठी त्याने मागितली नाही, मी दाखवली नाही. पुढे तर एकदम पाच-पाच स्ट्रिपा आणू लागलो. सारख्या चकरा कशाला?

"आठ-नऊ महिने झाले असतील," मी म्हणालो.

डॉक्टरांनी स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. ती कॅप्सूल एक नव्हती, एकात दोन औषधं होती. राबेप्राझोल २० मिलिग्रॅम आणि लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम. पहिलं जठरातलं आम्ल कमी करतं. दुसरं डोपामिन या रसायनाचं काम अडवतं, त्यामुळे जठर लवकर रिकामं होतं आणि पोट हलकं वाटतं. पण डोपामिन फक्त पोटात नसतं. मेंदूत आपल्या हालचाली सुरळीत ठेवायला तेच लागतं, आणि हे औषध तिथेही पोचतं. मानसिक आजारांवरही ते वापरतात. वय झालं की मूत्रपिंडं ते हळू बाहेर टाकतात. मग डोपामिन असूनही नसल्यासारखं होतं, आणि माणूस पार्किन्सन झाल्यासारखा दिसू लागतो.

"पार्किन्सनचं औषध आत्ताच सुरू करत नाही," ते म्हणाले. "आधी हे बंद करू. तीन-चार महिने वाट पाहू. बहुतेकांचं उतरतं. काहींचं पूर्ण उतरत नाही."

ते शेवटचं वाक्य मी आईला सांगितलं नाही.

घरी येऊन मी वाचत बसलो. याच तऱ्हेने काम करणारं मेटोक्लोप्रमाइड हे उलटीवरचं औषध. दीर्घ वापराने तोंडा-जिभेच्या अनैच्छिक हालचाली कायमच्या जडू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली त्याच्या वेष्टनावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, पण हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. युरोपच्या नियामकांनी २०१४ मध्ये ते कमी मात्रेत आणि साधारण आठवड्याभरापुरतंच द्यावं, असं सांगितलं. आणि आमच्या स्ट्रिपवर लाल रेघ होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे विकू नये, हे सांगायलाच ती असते. ती रेघ मी महिनोन् महिने अंगठ्याखाली दाबून कॅप्सूल काढून देत होतो.

आम्लाचं औषधही एकदम सुटलं नाही. ते बराच काळ घेऊन अचानक थांबवलं की जठर उसळून जास्त आम्ल बनवतं, आणि आपल्याला वाटतं, आजार परतला. आमच्या डॉक्टरांनी साधं राबेप्राझोल लिहून दिलं, मग दिवसाआड, मग बंद. तेव्हाच कळलं की ते जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी घ्यायचं असतं. जठरातले आम्लाचे पंप जेवणाने जागे होतात आणि औषध जागे झालेल्या पंपांनाच बंद करतं. आई मात्र नाश्ता झाल्यावर, चहासोबत घ्यायची. बी-१२ तपासलं, तेही कमी निघालं. या औषधाच्या दीर्घ वापराने असं होऊ शकतं. जाताना डॉक्टरांनी बजावलं : वजन उतरलं, घास अडकला, शौचाला काळी झाली, तर घरी गोळी शोधत बसायचं नाही, इकडे यायचं.

पहिला महिना काहीच बदललं नाही. मी रोज तिच्या कपाकडे पाहायचो आणि तिला ते कळायचं. "असा काय पाहून राहिला रे?" ती म्हणायची. सहाव्या-सातव्या आठवड्यात ती खुर्चीतून एका दमात उठली. मग वहीतलं अक्षर मोठं होऊ लागलं. एकदा नातीच्या कुठल्याशा बोलण्यावर ती खळखळून हसली, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पीत उभा राहिलो.

एके रात्री मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चौदा दिवसच लिहिले होते, पुढचे सगळे महिने माझे होते, हेही.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अन् मी काऊन नाही विचारलं? मलेही बरं वाटत होतं ना."

यंदाच्या महालक्ष्म्यांना आईने पुरणपोळ्या स्वतः लाटल्या. उजव्या हाताचं बोट अजून थोडं थरथरतं, थकली की जास्त. ते जाईल की राहील, डॉक्टर सांगत नाहीत. तिच्या औषधांच्या डब्याच्या झाकणावर मी आता एक कागद चिकटवला आहे : औषधाचं नाव, कशासाठी, कधीपासून, कधीपर्यंत. शेवटचा रकाना रिकामा असेल, तर मेडिकलमध्ये जाण्याआधी डॉक्टरांना फोन करायचा, असं ठरलंय.

जेवणं झाल्यावर ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "जडावलं रे जरा." माझा हात सवयीने खिशाकडे गेला. मग मी तिची चप्पल काढली आणि आम्ही दोघं गल्लीच्या टोकापर्यंत चालून आलो.