दारातला मोती आणि मनी प्लांट

मनी प्लांट खाऊन कुत्रा मरतो का, हा प्रश्न आमच्या जांबे गावात पूर्वी कुणाला पडला नसता. कुत्रा अंगणात असे आणि झाडे परसात. मारुंजी-हिंजवडीच्या बाजूने इमारती सरकत आल्या तशी अंगणे आक्रसली. आमच्याही ओटीवर कुंड्या आल्या.

आमचा मोती दारातच असतो. घरात कुत्रा नको, हे दादीचे म्हणणे. राखणीला दारात असू द्या, हेही तिचेच. सूरह कहफमधला कुत्राही गुहेच्या तोंडाशीच पाय पसरून बसला होता, असे ती सांगते. गेल्या पावसाळ्यात मोतीने ओटीवर लोंबणाऱ्या मनी प्लांटची तीन-चार पाने चावली. तोंडातून लाळेची धार लागली, पंजाने जबडा घासू लागला, मग ओकला. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "विषारी वेल आहे, वाचायचा नाही." पोरे रडू लागली.

विषारी म्हणावी तर आहे. पण जीव घेणारी सहसा नाही. अळू, सुरण आणि मनी प्लांट एकाच कुळातले. अळू कच्चट राहिला की घसा खाजतो, म्हणून अम्मी त्यात चिंच घालते. ती खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. पान चावताच ते जिभेत, हिरड्यांत रुततात. पहिल्याच घासाला आग होते, त्यामुळे कुत्रा पोटभर खातच नाही. तोंड पाण्याने धुवावे, मुद्दाम ओकायला लावू नये. घसा सुजून श्वास अडू लागला किंवा ओकाऱ्या थांबेनात, तर मात्र जनावरांचे डॉक्टर गाठावेत.

पण तोंड धुवायचे कुणी? मगरिबची वेळ होत आली होती. लाळ कपड्यांना लागेल म्हणून खाला मागे सरल्या. दादी म्हणाली, "लाळ धुतली की जाते. आधी त्याचं तोंड धुवा." अब्बांनी बाह्या सरसावल्या. हात किती वेळा धुवायचे, यावर नंतर वाद रंगला. भाभी कोकणातल्या, शाफई. त्यांचे सात वेळा, त्यातही एकदा मातीने. आम्ही हनफी तीनवर थांबलो. मोतीने रात्री दूध-भाकरी खाल्ली.

आम्हांला धास्ती आहे ती कण्हेरीची. गुरे-शेळ्या तोंड लावत नाहीत म्हणून लोक ती कुंपणाला लावतात, रस्त्यांच्या दुभाजकांतही ती असते. तिचे पान, फूल, खोड, सुकलेला पालासुद्धा हृदयाची लय बिघडवतो. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तशीच. इमारतींच्या फाटकाशी शोभेला ठेवतात तो सायकसही वाईट. त्याचे बी कुत्र्याने खाल्ले तर यकृत निकामी होते. यांपैकी काही पोटात गेल्याचा संशय आला, तरी लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. यांच्याविषयी मात्र कुणी विचारत नाही, आणि बिचारा मनी प्लांट बदनाम!

तो आम्ही टाकला नाही, उंच खुंटीला टांगला. शेजारच्या इमारतीच्या कुंपणाला कण्हेर आहे. ती काढावी, असे आम्ही तिथल्या लोकांना दोनदा सांगितले. अजून निर्णय नाही. तोवर छाटणीनंतर आमच्या बाजूला पडलेला पाला अब्बा स्वतः वेचतात. जाळत नाहीत, त्याचा धूरही वाईट. खड्डा करून पुरतात, आणि तेवढा वेळ मोतीला बांधून ठेवतात.