साठ हजारांत सगळ्यांचा कॉम्प्युटर

आमच्या घरात नवीन कॉम्प्युटरचा विषय निघाला तो गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, बाबांच्या निवृत्तीचा हिशेब मांडताना. बाबा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. जानेवारी २०२६ च्या शेवटच्या दिवशी निवृत्त होणार हे ठरलेलं होतं, आणि मोठे खर्च त्याआधी उरकून घ्यावेत असं आईचं म्हणणं. यादीत गच्चीचं वॉटरप्रूफिंग होतं, आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि सर्वांत खाली धाकट्या भावाच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'गेमिंग पीसी'.

भाऊ तेव्हा नुकताच पहिली पीयूसी संपवून दुसरीत जाणार होता. खरं तर त्याने आधी पंच्याऐंशी हजारांचा गेमिंग लॅपटॉप हप्त्यावर मागितला होता. बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता "पुढच्या वर्षी पगार नाही, पेन्शन आहे" एवढंच सांगितलं. त्यानंतर दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग आईचा मला बेंगळुरूला फोन आला. "तू त्या कॉम्प्युटरच्याच लाइनीत आहेस ना? तूच काय ते ठरव." मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे डॉक्टरांच्या रिसेप्शनिस्टला ऑपरेशन कर म्हणण्यासारखं आहे हे, पण आपल्या घरांत असंच असतं.

मी तीन अटी घातल्या. कॉम्प्युटर सगळ्यांचा, हॉलमध्ये राहणार. मॉनिटर आणि यूपीएस धरून साठ हजारांच्या वर जायचं नाही, त्यातले निम्मे माझे. आणि भावाची डिग्री होईपर्यंत, म्हणजे निदान पाच वर्षं, तो टिकला पाहिजे. ही तिसरी अट भावाला सगळ्यांत आधी पटली. लॅपटॉपमधली ग्राफिक्स चिप बदलता येत नाही. डेस्कटॉपमध्ये आज एक भाग घ्या, दोन वर्षांनी दुसरा. आईला मात्र "हॉलमध्ये" हा एकच शब्द ऐकू आला होता. बंद खोलीत रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या लॅपटॉपची तिला धास्ती होती.

मे महिन्यात मी सुट्टी घेऊन केशवापूरला आले आणि आम्ही दोघं दुकानं पालथी घालायला निघालो. पहिल्याच दुकानात काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "बजेट एष्ट ऐतरी?" आपल्याकडे कॉम्प्युटरच्या दुकानात हाच पहिला प्रश्न असतो. कशासाठी हवाय, हे कुणी विचारत नाही. बजेट सांगितल्यावर त्याने एक तयार डबा पुढे केला. आत सप्तरंगी पंखे, बाहेर काच, 'आय-सेव्हन, सोळा जीबी, चार जीबी ग्राफिक्स कार्ड', किंमत फक्त अठ्ठावीस हजार. भावाचे डोळे चमकले.

तरुण वाचकांनो, इथे जरा थांबा, कारण अशा डब्यांवर खूप घरांचे पैसे जातात. आय-सेव्हन हे नुसतं आडनाव आहे. पिढी कोणती ते विचारायचं. त्या डब्यातला प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा निघाला. मायक्रोसॉफ्टच्या यादीनुसार विंडोज ११ साठी इंटेलची निदान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. ग्राफिक्स कार्ड होतं जीटी ७३०, ते २०१४ चं. त्यावर चार जीबी लिहिलेलं असलं तरी ती मेमरी संथ आणि चिप त्याहून संथ. मोठ्या टाकीला बारीक नळ लावल्यासारखं. आम्ही "विचार करून सांगतो" म्हणून निघालो.

संध्याकाळी मुंबईहून मामाचा फोन. "अगं, लॅमिंग्टन रोडला या, सगळं मिळतं." भावाने लगेच उत्तर दिलं, "मामा, लॅमिंग्टन रोड आमच्याकडे पण आहे." खरंच आहे. मुंबईचा आणि हुबळीचा, दोन्ही रस्त्यांना नाव मिळालं ते १९०३ ते १९०७ या काळातल्या मुंबईच्या गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टनचं, कारण तेव्हा आपण मुंबई इलाख्यात होतो. मुंबईतल्या रस्त्याचं नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण पार्ट घ्यायला जाणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतो. माझ्यासाठी बेंगळुरूचा एस. पी. रोड जास्त सोयीचा होता. भाव बघायला मी तो आधीच एक शनिवारभर तुडवला होता.

रात्री जेवणं झाल्यावर हॉलमध्ये वही उघडली. कोण कशासाठी बसणार ते आधी लिहिलं. आई महिला मंडळाचे हिशेब ठेवते, तिला एक्सेल. बाबांना पेन्शनचे कागद. आजीला कीर्तनं आणि मोठ्या अक्षरात वर्तमानपत्र. भावाला सीईटीच्या सराव परीक्षा आणि व्हॅलरंट. एवढं लिहिल्यावर लक्षात आलं, की महागडं ग्राफिक्स कार्ड चार जणांपैकी एकालाच हवंय, तेही दुसऱ्या पीयूसीच्या वर्षात.

म्हणून दोन याद्या झाल्या. पहिली भावाची: रायझन ५ ५६०० आणि सोबत आरएक्स ६६०० हे आठ जीबीचं कार्ड. कार्डच वीस हजारांच्या पुढे, एकूण पंचाहत्तरच्या घरात. दुसरी माझी: रायझन ५ ५६००जी. नावात 'जी'चाच फरक, पण तो मोठा. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीच दिसणार नाही. ५६००जी मध्ये ते आतच आहे, व्हॅलरंट आणि माइनक्राफ्टसारख्या गेमना पुरतं, आणि पुढे कधीही कार्ड बसवता येतं. याची किंमत मोजावी लागते हेही भावाला सांगितलं: ५६००जी मध्ये कॅश मेमरी निम्मी, बत्तीसऐवजी सोळा एमबी, आणि पीसीआय तिसऱ्या पिढीचं. त्यामुळे उद्या कार्ड लावल्यावर तो ५६०० पेक्षा थोडा मागे राहणार.

"म्हणजे मी वर्षभर लो सेटिंगवर खेळायचं?" भावाने विचारलं.

"दुसऱ्या पीयूसीत किती तास खेळणार आहेस?" आईने विचारलं.

तो गप्प बसला. मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू. त्याचे मित्र तेव्हा कार्डांचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे बोलत होते. पण बाबांचा शेवटचा बोनस एका वर्षात एका माणसाच्या सेटिंगवर घालवणं मला पटत नव्हतं. शेवटी ठरलं ते असं, की सीईटी झाल्यावर कार्ड घ्यायचं, आणि बाकी प्रत्येक भाग आजच त्या कार्डाच्या हिशेबाने निवडायचा.

इथे बाबा पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसले. कारण पुढचा प्रश्न पॉवर सप्लायचा होता. बरीच दुकानं डब्यासोबत सातशे-आठशे रुपयांचा एसएमपीएस देतात, ज्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, "लिहिलेलं असतं. देतो किती?" मी ८० प्लस ब्रॉन्झ समजावलं: अर्ध्या भारावर भिंतीतून शंभर वॅट घेतले तर साधारण पंच्याऐंशी आत पोचतात, उरलेल्याची उष्णता होते. त्यावर बाप-लेकांचं तासभर बोलणं चाललं. व्होल्टेज पडलं तर काय, शॉर्ट झालं तर कोण आधी जळतं, अर्थिंग कसं तपासायचं. वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या माणसाकडे गेमिंगबद्दल मत नव्हतं, पण करंटबद्दल होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलमधल्या प्लगचं अर्थिंग स्वतः तपासलं आणि वायर बदलून घेतली. पॉवर सप्लाय आम्ही ६५० वॅटचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घेतला. आज निम्म्याहूनही कमी लागतो, पण कार्ड आलं की हा बदलावा लागणार नाही.

रॅमच्या बाबतीत एक छोटी गोष्ट, पण ५६००जी घेणाऱ्याने लक्षात ठेवावीच अशी. दुकानदार म्हणतो सोळाची एकच स्टिक घ्या, पुढे दुसरी टाका. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण आतलं ग्राफिक्स ही रॅमच वापरतं, आणि दोन स्टिक असल्या की रस्ता दुपदरी होतो. तेव्हा आठ-आठच्या दोन घ्यायच्या, ३२०० वेगाच्या, आणि जोडणी झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू करायचं. ते न केल्यास रॅम कमी वेगावरच चालत राहते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

बाकी खरेदी पटापट झाली. प्रोसेसर साडेअकरा हजार, बी५५० मदरबोर्ड नऊ, रॅम तीन हजार चारशे, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी पाच हजार दोनशे, पॉवर सप्लाय पाच, कॅबिनेट तीन हजार आठशे, चोवीस इंची आयपीएस मॉनिटर साडेआठ, यूपीएस साडेपाच, कीबोर्ड-माउस दीड. एकूण त्रेपन्न हजार चारशे, जीएसटी धरून. विंडोजचा परवाना मी त्याच्या वाढदिवसाच्या नावावर वेगळा घेतला. कॅबिनेट काचेचं नाही, पुढे जाळीचं. मे महिन्यात पारा अडतीसपर्यंत जाणाऱ्या गावात हवा आत येऊ द्यावी. जाळीमागचा फिल्टर महिन्यातून एकदा धुवायचं काम भावाचं.

निम्मे पार्ट बेंगळुरूहून आणले, पण मॉनिटर, पॉवर सप्लाय आणि यूपीएस मुद्दाम हुबळीतूनच घेतले. पाच-सहाशे रुपये जास्त गेले असतील. पण जड वस्तू बिघडली तर आईला रिक्षात घालून नेता आली पाहिजे. मी काही दर वेळी येऊ शकत नाही.

यूपीएसवरून आईचा प्रश्न होता, "घरात इन्व्हर्टर आहे की!" आहे, पण करंट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतचा क्षण पंख्याला चालतो, कॉम्प्युटर तेवढ्यात बंद पडू शकतो. आणि यूपीएसवरचा आकडा व्हीएमध्ये असतो, वॅटमध्ये नाही. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. आम्ही हजाराच्या पुढचा घेतला. तो खेळ पुरा करण्यासाठी नाही, नीट बंद करण्यासाठी आहे, हे भावाला वळवाच्या पहिल्याच पावसात कळलं.

जोडणी रविवारी दुपारी हॉलमध्ये, सतरंजीवर. प्रोसेसर भावाने बसवला, स्क्रू बाबांनी. मॉनिटर आजीसाठी जरा उंच हवा होता, म्हणून आईने माळ्यावरचा जुना जेवणाचा पाट काढून दिला. तो अजून तिथेच आहे.

आजीचं आणि गेमिंगचं काही नातं जुळेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. भावाने एकदा 'राजी' हा गेम लावला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२० मध्ये आणलेला, भावाला शोधत निघालेल्या एका मुलीची गोष्ट. त्यात कथा पुढे नेणारी दृश्यं सावल्यांच्या बाहुल्यांसारखी केलेली आहेत. आजीचं माहेर कुडाळकडचं. तिने पडद्याकडे बघून विचारलं, "ह्या आमच्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या रे?" मग तिने पिंगुळीच्या ठाकरांच्या खेळाची हकीकत सांगितली, आणि भावाने गेम थांबवून ती ऐकली. सेटिंग अर्थात लो होतं.

आता तुमच्यापैकी कुणी हीच यादी घेऊन बाजारात जाणार असाल तर भाव बदललेत हे सांगायला हवं. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरीची मागणी एवढी वाढली, की रॅमच्या किमती दुपटीच्याही वर गेल्या. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये 'क्रुशल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी घरात जुना डीडीआर४चा कॉम्प्युटर पडून असेल तर त्याची रॅम आधी बघा, वेग जुळला तर तीच चालवा. नव्या एएम५ सॉकेटला डीडीआर५च लागते, त्यामुळे स्वस्तातला घरगुती कॉम्प्युटर अजून काही काळ जुन्या एएम४वरच जमेल असं माझं मत आहे. एसएसडीही महागलीय, एक टीबी न परवडल्यास पाचशे जीबी घ्या, पुढे दुसरी लावता येते. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर करू नका.

बाबा ३१ जानेवारीला निवृत्त झाले. निरोप समारंभाचा हार दोन दिवस मॉनिटरला घातलेला होता. हल्ली सकाळी अकरा ते साडेबारा कॉम्प्युटर त्यांचा असतो. भावाने त्यांना ओपन रेल्स नावाचं फुकट ट्रेन सिम्युलेटर लावून दिलंय आणि हौशी लोकांनी बनवलेली भारतीय इंजिनं त्यात घातलीत. बाबा हुबळी शेडच्या डब्ल्यूडीजी-४ ला मालगाडी जोडून बसतात, आणि ब्रेकचा आवाज चुकीचा आहे अशी रोज तक्रार करतात. परवा त्यांनी फोनवर मला विचारलं, "ते कार्ड घेतलं तर डोंगर जरा नीट दिसतील का गं?"

सीईटी एप्रिलमध्ये आहे. भाऊ म्हणतो, कार्डाचे निम्मे पैसे आता बाबांनी द्यावेत.