मला वाचायला बसवणारे काका

१९९० साली मी पाचवीत होतो. घरात आणि गल्लीत मी मुका समजला जात होतो. खरे तर मुका नव्हतो, अडखळत होतो. 'क' आणि 'प' या अक्षरांपाशी जीभ टाळूला चिकटून बसायची. एके दिवशी वर्गात धडा वाचायला मला उभे केले. पहिल्याच ओळीत 'पाऊस' या शब्दावर मी अडलो. गुरुजींनी माझ्यासारखेच अडखळत तो शब्द म्हणून दाखवला आणि सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून मी शाळेत तोंड उघडणेच बंद केले. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचो.

माझी माय शहागंजला पोते अंथरून मेथी, कोथिंबीर, लिंबे विकायची. शाळा सुटली की मी तिच्या पाठीमागे जाऊन बसायचो. समोर गिऱ्हाइकांची गर्दी, टॉवरकडून येणाऱ्या रिक्षांचे हॉर्न, चमनच्या बाजूने हातगाडीवाल्यांच्या आरोळ्या. त्या सगळ्या गोंगाटात माझे एकच काम असायचे. मिरच्या बांधून द्यायला मायने जी रद्दी आणलेली असायची, तिचे तुकडे वाचत बसणे. अर्धी बातमी, अर्धी गोष्ट, फाटलेली जाहिरात, जे हाती लागेल ते. मनात वाचताना मी कधीच अडखळत नव्हतो.

आमच्याच समाजातले एक काका रोज संध्याकाळी भाजीला यायचे. शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या एका छोट्या छापखान्यात ते कंपोझिटर होते. बोटांना कायम शाई. नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयात, दोन वर्षे शिकले होते. पुढे घरच्या अडचणीने शिक्षण सुटले. एके दिवशी ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "काय वाचतोस, लेकरा?"

मी कागद वर करून दाखवला. त्यांनी तो वाचला, उलटून पाहिला आणि म्हणाले, "पुढचं फाटलंय की. काय झालं असेल पुढं?" मी उत्तर दिले नाही. त्यांनीही ते मागितले नाही. कोथिंबिरीची जुडी घेऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी येताना मात्र त्यांनी पूर्ण अंक आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

असे आठ-दहा दिवस चालले. मग ते मायला म्हणाले, "बाई, पोराला संध्याकाळी तासभर माझ्याकडं पाठवत जा. कामाला माणूस पाहिजे."

माय म्हणाली, "भाऊ, त्याला नीट बोलता येत नाही."

"मला बोलणारा नको, वाचणारा पाहिजे," काका म्हणाले.

आजच्या मुलांना खिळ्यांचा छापखाना माहीत नाही. लाकडी खणांत शिशाचे खिळे असायचे, प्रत्येक अक्षराचा खण वेगळा. कंपोझिटर एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. अक्षरे उलटी असायची, म्हणून कच्चा छाप काढून तो मूळ मजकुराशी ताडून पाहावा लागे. त्यालाच प्रूफ तपासणे म्हणत. हे काम दोघांचे. एकाने हाताने लिहिलेला मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापावर पेन्सिल फिरवत चूक धरायची. वाचणाऱ्याने नुसते शब्द वाचून चालत नाही. स्वल्पविराम आला तर "स्वल्पविराम" म्हणायचे, ओळ संपली तर "पूर्णविराम" म्हणायचे.

ते वाचण्याचे काम काकांनी मला दिले. पहिल्या दिवशी एक लग्नपत्रिका होती. 'मंगल परिणय' हे शब्द वाचले आणि 'परिणय'च्या 'प'वर अडलो. मी घाबरून काकांकडे पाहिले. त्यांची नजर माझ्या तोंडाकडे नव्हती, छापावर होती. पेन्सिलीचे टोक त्या शब्दावर टेकवून ते थांबले होते. मी शब्द पूर्ण केल्यावर पेन्सिल पुढे सरकली. त्यांनी "शाब्बास" म्हटले नाही, "हळू बोल" म्हटले नाही. कामच असे होते की हळू वाचावेच लागे. घाई केली तर चूक सुटायची.

पत्रिका, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रके, पावतीपुस्तके, मंडळांची हस्तपत्रके असे काय काय मी त्या वर्षी वाचले. महिन्याभरात माझ्या लक्षात आले की "स्वल्पविराम" म्हणताना श्वास घ्यायला सवड मिळते आणि पुढचा शब्द सहज निघतो. अडखळणे संपले नाही. आजही दमलो की 'क'वर अडतो. पण अडलो तरी समोरचा थांबतो, हे मला कळले. त्याने माझी निम्मी भीती गेली.

केळुसकर गुरुजींची गोष्ट मी प्रथम तिथेच ऐकली. ट्रेडल मशीन बंद झाले की काका हात पुसत सांगायचे. मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत सुभेदार रामजींचे कुटुंब राहायचे. घरात अभ्यासाला जागा नाही, म्हणून शाळा सुटल्यावर विद्यार्थी भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसायचे. शाळेत कुणी जवळ घेत नव्हते. त्या बागेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक रोज यायचे. केळुसकर विल्सन हायस्कूलचे शिक्षक, छत्रपती शिवाजी महाराजांचे आणि गौतम बुद्धांचे चरित्र लिहिणारे लेखक. एक मुलगा रोज एकटाच वाचत बसतो हे त्यांनी पाहिले. जवळ जाऊन चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले.

पुढचा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितला आहे. ते परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा समाजबांधवांना त्यांचा सत्कार करायचा होता. मुलाच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडिलांचा त्याला विरोध होता. लोक केळुसकरांकडे गेले. केळुसकरांनी रामजींची समजूत घातली, सभेला आले आणि आपले बुद्धचरित्र मुलाच्या हाती ठेवले. बाबासाहेब इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख करतात, चरित्रकार १९०७ च्या मॅट्रिकचा करतात. ते पुस्तक १८९८ साली निघालेले होते. शाळकरी वयात हाती आलेल्या त्या पुस्तकापासून नागपूरच्या १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंतची वाट आपल्या सर्वांना माहीत आहे.

काका या गोष्टीत एक मुद्दा पुन्हा पुन्हा सांगायचे. "पुस्तक दिलं हे सगळे सांगतात. पण आधी केळुसकर त्या पोराजवळ गेले, हे ध्यानात ठेव. आणि पुस्तक देऊन घरी बसले नाहीत." ते खरे आहे. इंटरनंतर पैशाअभावी भीमरावांचे शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा केळुसकरच त्यांना सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. केळुसकर काही आपल्या समाजाचे नव्हते, नात्याचे नव्हते. एका वाचणाऱ्या मुलाची जबाबदारी त्यांनी वर्षानुवर्षे आपली मानली.

१९९१ साल हे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे. वस्तीच्या जयंती मंडळाचे हस्तपत्रक काकांकडे आले. मी मजकूर वाचत होतो. 'सोमवार, दिनांक १४ एप्रिल' असे लिहिलेले होते. समोरच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती. मी वाचता वाचता थांबलो. काका म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "का... काका, चौदा तारखेला रविवार आहे."

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "लिहिणाऱ्याची चूक आहे. आपल्याला बदलता येत नाही, मंडळाला विचारावं लागतं. जा, तूच सांगून ये."

मंडळाची बैठक विहाराच्या ओट्यावर चालली होती. पंधरा-वीस मोठी माणसे. मी समोर जाऊन उभा राहिलो. पहिला शब्द निघायला किती वेळ लागला कोण जाणे, मला तर तो तासाएवढा वाटला. पण माझ्या हातात कागद होता आणि कागदावर चूक होती. मी ती सांगितली. अध्यक्षांनी खिशातली डायरी काढून पाहिली आणि म्हणाले, "पोरगं बरोबर सांगतंय. दुरुस्त करा." कुणी हसले नाही. त्या रात्री काकांनी माझ्या नावाचे खिळे जुळवले आणि एका कोऱ्या पट्टीवर छाप काढून दिला. मी तो मायला दाखवला. तिला वाचता येत नव्हते. तिने हात लुगड्याला पुसले आणि मग कागद हातात घेतला.

पुढे मी बी. कॉम. झालो, कारकुनाची नोकरी लागली. दर रविवारी वंदनेनंतर विहारात आम्ही काही जण मुलांचा वाचनवर्ग चालवतो. आता मला माझी एक चूक सांगायची आहे.

वर्गात अकरा वर्षांची एक मुलगी येते. आई-वडील कामासाठी परगावी, ती आजीजवळ राहते. अक्षर मोत्यासारखे, पण तोंडातून शब्द नाही. गेल्या वर्षी १४ एप्रिलला मी तिचे भाषण ठेवले. मीच लिहून दिले, पाठ करून घेतले. मुलीला धीर येईल असे मला वाटले होते. दिवे, माइक, समोर भरलेली गल्ली. तिने "जयभीम" म्हटले आणि तिथेच थांबली. मी खालून पुढचे वाक्य सांगू लागलो, तेही माइकमध्ये ऐकू गेले आणि मुले हसली. ती स्टेजवरून उतरून थेट घरी गेली. पुढचे चार रविवार ती आली नाही.

त्या चार रविवारी मला माझा वर्ग आठवत राहिला. गुरुजींनी माझे जे केले, तेच मी हार घालून, दिवे लावून तिचे केले होते. मला तिचे भाषण हवे होते, कारण आमच्या वर्गाचे नाव व्हायला हवे होते. तिला काय हवे, हे मी एकदाही विचारले नव्हते.

पाचव्या रविवारी मी तिच्या घरी गेलो. आजीसमोर तिला म्हणालो, "बाळा, चूक माझी होती." ती काही बोलली नाही. मग मी म्हणालो, "आपल्या वाचनालयाची पुस्तकं मोजायची राहिलीत. मी एकटा आहे. तू नोंदवहीतून नाव आणि क्रमांक वाचशील का? मी कपाटात पाहून खूण करतो."

ती आली. आम्ही दोघेच होतो. ती वाचायची, मी पाठमोरा पुस्तके शोधायचो. पहिल्या दिवशी तिचा आवाज कपाटापर्यंत पोचत नव्हता. मी एवढेच म्हणायचो, "कितवा क्रमांक?" ती पुन्हा वाचायची. तीन रविवारांत मोजणी संपली. चौथ्या रविवारी तिने स्वतः विचारले, "सर, हे पुस्तक घरी नेऊ का?" आता ती आजीला रोज रात्री दोन पाने वाचून दाखवते. आजी मध्येच झोपते, म्हणून तीच पाने दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावी लागतात, अशी तिची तक्रार आहे.

मागच्या महिन्यात आजी तिला घेऊन रेशनला गेली. कार्डावर चार माणसे, माणशी ५ किलो. आजीचा अंगठा घेतला, धान्य पिशवीत ओतले. पोरीने यंत्रातून निघालेली पावती वाचली आणि दुकानदाराला म्हणाली, "यावर २० किलो लिहिलंय. परत मोजा." रांगेतल्या बायाही थांबल्या. पिशवी पुन्हा काट्यावर चढली, तीन किलो कमी भरले, ते मिळाले. आजीने ही हकिकत मला विहाराच्या पायरीवर सांगितली. पोरगी शेजारी उभी राहून पायाने माती उकरत होती. आजही ती स्टेजवर जात नाही, आणि मी तिला जा म्हणणार नाही.

माझे काका आज हयात नाहीत. छापखान्याच्या जागी आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. त्यांनी मला एकही भाषण पाठ करून दिले नाही. मला कामाचा माणूस म्हणून शेजारी बसवले आणि माझा शब्द निघेपर्यंत पेन्सिल धरून थांबले.

बंधू-भगिनींनो, आपल्या प्रत्येक गल्लीत असे एखादे लेकरू आहे. पाहुणे आले की दाराआड जाते, शाळेत शेवटच्या बाकावर बसते. त्याला "बोल, बोल" म्हणू नका. लाइटचे बिल आले तर वाचायला सांगा. गावाकडचे पत्र, दवाखान्याचा कागद, हे साप्ताहिक त्याच्या हातात द्या. म्हणा, "चष्मा सापडत नाही, जरा वाचून दाखव." ते अडले तर त्याच्या तोंडाकडे पाहू नका, घाई करू नका, वाक्य स्वतः पूर्ण करू नका. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. याला पैसा लागत नाही, पदवी लागत नाही. रोजची दहा-पंधरा मिनिटे लागतात.

येत्या रविवारी वंदनेला येताना आपल्या गल्लीतले ते लेकरू बरोबर घेऊन या. नोंदवहीतली पुस्तके पुन्हा मोजायची आहेत. वाचायला माणसे पाहिजेत.

जयभीम!