भोकाचा पैसा

माझ्या आजीच्या गाडग्यात एक भोकाचा पैसा होता. १९४३ साली लढाईच्या दिवसांत सरकारनं असले पैसे पाडले. धातू वाचवायचा म्हणून मधी भोक. तवा १६ आण्यांचा, ६४ पैशांचा रुपया. आजीनं तो करदोड्यात ओवून माझ्या बापाच्या कमरेला बांधला होता.

आजी सांगायची, वळसंगात मीठ आणायला गेलं की दुकानदार उंबऱ्याबाहेर पैसा ठेवायला लावायचा. त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. मीठ वरूनच पदरात. आमचा हात लागला की पाणी बाटायचं, आणि आमचा हात लागलेला पैसा त्याच पाण्यानं चोख व्हायचा! पाणी ओतून देता येतं, पैसा कोण ओतून देतंय?

याच गावात आपल्या माणसांनी स्वतःची विहीर खणली. १९३७ साली बाबासाहेब आले, तिचं पाणी खुलं केलं. पाण्याचं आपल्याला तोंडपाठ आहे. महाड १९२७, कुणालाही झोपेतून उठवून विचारा. पण महाडच्या चार वर्षं आधी, १९२३ साली बाबासाहेबांनी लंडनात रुपयावर ग्रंथ छापला, तो किती जणांनी उघडलाय? आपले भाषणवाले 'बाबासाहेबांमुळं रिझर्व्ह बँक झाली' म्हणून टाळ्या घेतात नि खाली बसतात.

मी तो तिसऱ्या पाळीनंतर वाचला. अर्धा डोक्यावरून गेला. जो कळला तो सांगतो.

१८३५ साली कंपनी सरकारनं सगळीकडं एकच रुपया केला. वजन तोळाभर, म्हंजे १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन चोख चांदी. चांदी घेऊन टाकसाळीत जा, रुपये पाडून घ्या. पुढं जगात चांदी घसरली, रुपया घसरला. १८९३ साली सरकारनं लोकांना टाकसाळ बंद केली. आता रुपये किती पाडायचे ते सरकारच्या मर्जीवर. रुपयाची दोरी लंडनात. केन्ससारखा मोठा पंडित या व्यवस्थेची तरफदारी करत होता. बाबासाहेब म्हणाले, हे चुकीचं. सरकारच्या हातातूनही टाकसाळ काढा, रुपयाला पक्की मर्यादा घाला. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढं त्यांनी साक्षही दिली.

का? रुपया हलका झाला की व्यापाऱ्याचा भाव लगेच चढतो, मजुराची मजुरी मागं राहते. लोक म्हणायचे, देशाचा फायदा झाला. बाबासाहेबांनी दाखवलं, की बाहेरून काही आलं नाही. एका वर्गाच्या खिशातून निघालं, दुसऱ्याच्या खिशात पडलं.

हे वाचलं त्या रात्री मी साच्यावर तुटलेले धागे जोडत मनात हिशोब मांडत होतो. पगार आता खात्यात पडतो, मोबाईल वाजतो. कुणी पाणी शिंपडत नाही. पण तेल, डाळ, खोलीभाडं पगाराच्या पुढं पळतंय, आणि मधली रक्कम कुठल्या खिशात जाते ते कुठल्याच पावतीवर नसतं.

१९९० साली बाबासाहेबांच्या चेहऱ्याचा रुपया निघाला. २०१५ साली दहाचं नाणं. ते दहाचं मी परवा एका दुकानात काढलं.

"हे चालत न्हाई, नोट द्या."

"सरकारी हाय की."

"असंल. आमच्याकडं चालत न्हाई."

त्यानं ते बोटानं माझ्याकडं सरकवलं. मी परत त्याच्याकडं सरकवलं. मागं रांग वाढत होती.