वेळेच्या ओळीतला स्वल्पविराम

सबटायटलची फाइल नोटपॅडमध्ये उघडली की ती फार साधी दिसते. वर एक आकडा, खाली वेळ, त्याखाली संवाद, मग एक रिकामी ओळ. पुन्हा आकडा, वेळ, संवाद, रिकामी ओळ. अख्खा चित्रपट असा उतरत जातो. वेळेच्या ओळीत तास, मिनिटं आणि सेकंद यांच्यामध्ये उभी दोन टिंबं असतात. सेकंदांनंतर मात्र स्वल्पविराम, आणि त्यापुढे तीन आकडे, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. आपल्याकडे दशांशाला टिंब देतात. मग इथे स्वल्पविराम कुणी दिला? भिलाईतल्या क्वार्टरमध्ये एका रात्री तो माझ्या नजरेत भरला आणि चित्रपट बाजूला ठेवून मी त्याच्याच मागे लागलो.

तो फ्रान्सचा निघाला. डीव्हीडीवरची सबटायटलं म्हणजे अक्षरं नसतात, चित्रं असतात. ती चित्रं वाचून त्यांची अक्षरं करणारा सबरिप नावाचा प्रोग्राम फ्रान्समध्ये लिहिला गेला, आणि तिथे दशांशाला स्वल्पविरामच देतात. त्या प्रोग्रामने काढलेली फाइल ती एसआरटी. आता कोरियन माणूस कोरियन चित्रपटासाठी फाइल करो की भिलाईतला मराठी माणूस मराठीसाठी, तो स्वल्पविराम सगळ्यांच्या हातून पडतो. मी ज्यावर चित्रपट पाहतो तो व्हीएलसीही पॅरिसचाच. 1996 साली एकोल सेंत्राल या कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी तो करायला घेतला आणि 1 फेब्रुवारी 2001 रोजी तो सगळ्यांसाठी खुला झाला. त्याच्यावरचा नारिंगी शंकू म्हणजे रस्त्यावरचाच शंकू. त्या मुलांनी असे शंकू आणून जमवले होते.

आपल्या रोजच्या वस्तूत दूरदेशच्या माणसाचा हात सापडणं भिलाईला नवं नाही. 2 फेब्रुवारी 1955 ला इथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. मधल्या काळात रशियन इंजिनिअर आणि आपली माणसं यांच्यामध्ये दुभाषे उभे होते. मला त्या दुभाष्यांबद्दल फार वाटतं. धगीसमोर उभं राहून एकाचं वाक्य दुसऱ्याला पोचवायचं, आणि तेही वेळेत. ‘थांबा’ हा शब्द तिथे दोन सेकंद उशिरा पोचून चालला नसता.

मी स्वतः लहानपणी हेच काम केलं आहे, रविवारी दुपारी.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषेतला चित्रपट लागायचा. त्याआधी मूकबधिरांसाठी बातम्या. त्या संपत आल्या की आमच्या ब्लॉकमधली दारं उघडू लागायची. वर बंगाली, समोर मल्याळी, शेजारी तेलुगू, मागच्या स्ट्रीटला ओडिया आणि तळमजल्यावर आम्ही. टाउनशिपमध्ये सगळीकडे हेच. प्लांटने देशभरातून माणसं आणली आणि सेक्टरांमध्ये क्वार्टर मिळेल तसं त्यांना बसवलं. रंगीत टीव्ही समोरच्या मल्याळी अंकलकडे होता. ते बऱ्याचदा नाइट ड्यूटी करून आतल्या खोलीत झोपलेले असत, म्हणून टीव्हीचा आवाज अगदी बारीक. भाषा येत असली तरी ऐकू येण्याची खात्री नाही; येत नसली तर प्रश्नच मिटला. सगळी भिस्त खाली उमटणाऱ्या इंग्रजी ओळींवर.

त्या ओळी पांढऱ्या असायच्या. त्यांना ना काळी कड, ना मागे पट्टी. केरळच्या चित्रपटात कुणी मुंडू नेसून जवळ आला की त्याचं बोलणं त्याच्याच कपड्यात विरून जायचं. बंगाली विधवेच्या पांढऱ्या साडीवर कितीतरी वाक्यं अशी बुडाली. पिक्चर ट्यूबची काच कडेला गोलसर, त्यामुळे लांब ओळीची दोन्ही टोकं बाहेर जायची आणि मधलेच शब्द हाती लागायचे. खोलीतल्या बायकांपैकी पुष्कळजणींना इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणून मला टीव्हीच्या अगदी पुढे, सतरंजीवर बसवत. मी ओळ वाचायची आणि हिंदीत मोठ्याने सांगायची. मोठ्याने म्हणजे अंकल जागे होणार नाहीत इतक्याच.

अशा दुपारी हसणं तीन वेळा यायचं. आधी ज्यांची भाषा ती माणसं हसत. मग इंग्रजी वाचणारे. आणि माझं सांगून झालं की उरलेल्या सगळ्या. शेवटचं हसणं सगळ्यांत मोठं असायचं, कारण पहिल्या दोन गटांतले पुन्हा हसायचे. रडणं मात्र एकदमच यायचं, आणि त्यावरून कुणी म्हणेल की बघा, चित्रपटाला भाषा लागत नाही. हे मला पटत नाही. त्याच बायका डोळे पुसता पुसता मला ढोसायच्या, “क्या बोली वो? क्या बोली?” त्यांना वाक्य हवं असायचं. चेहरा समजला म्हणून वाक्याची भूक भागत नाही. अरविंदन, अदूर, कासरवल्ली ही नावं मी त्या सतरंजीवर वाचली. त्यांच्या चित्रपटांत बोलणं कमी आणि थांबणं जास्त, त्यामुळे मला विसावा मिळायचा. पण बायका त्या थांबण्यातही विचारायच्या, अब क्या? मी म्हणायचो, अभी कुछ नहीं. असं म्हणून चित्रपट पुढे पाहण्याची सवय मला तिथे लागली आणि ती अजून आहे.

मराठीची पाळी आली की आईचं बसणं बदलायचं. एरवी ती दाराशी बसे, त्या दिवशी पलंगावर. चिवड्याचा डबा आमच्याकडून. मला त्या दिवशी सुट्टी, कारण सांगायचं काम तीच करायची. ती ओळीपुरतं सांगून थांबत नसे. ही त्याची मोठी वहिनी, हिचं माहेर श्रीमंत आहे, आता बघा ती काय करते, असं सगळं. तेलुगू आंटी म्हणायच्या, तुमच्या भाषेतले चित्रपट सगळ्यांत नीट कळतात. आईला ते खूप दिवस पुरलं.

मोठ्याने वाचून दाखवण्याची ही रीत आमच्या ब्लॉकची नव्हेच. 1913 सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून आपल्याकडे चित्रपट वाचायची गोष्ट होती; दृश्यांच्या मध्ये पाट्या यायच्या, आणि मूकपटांच्या त्या काळात ज्याला वाचता येई तो शेजारच्याला वाचून दाखवी. बोलपट 1931 साली ‘आलम आरा’ने आणला. त्या आधीचा प्रेक्षक म्हणजे अर्धा वाचक. मला डबिंग आवडत नाही, त्याचं मूळ इथे असावं. माणसाच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घालण्यापेक्षा त्याचा आवाज राहू द्यावा आणि पायाशी अर्थ लिहावा.

तर, सुटी फाइल. चित्रावर छापून टाकलेल्या सबटायटलला हात लावता येत नाही. सुट्या फाइलला येतो, आणि माझं तिच्यावर प्रेम आहे ते यासाठी. चित्रपटाच्या फाइलला जे नाव तेच सबटायटलच्या फाइलला द्यायचं, दोन्ही एका फोल्डरमध्ये ठेवायच्या, की व्हीएलसी ती आपोआप उचलतो. किंवा माउसने ओढून चालू चित्रपटावर टाकायची. ओळी बोलण्याच्या आधी येत असतील तर एच दाबायचं, मागून येत असतील तर जी. दर वेळी 50 मिलिसेकंद सरकतात. बोटाने दाबत राहायचं आणि ओठांकडे पाहायचं. जुळलं की जुळलं.

कधी कधी जुळूनही सुटतं. सुरुवातीला ओठ आणि ओळ बरोबर, मध्यंतरापर्यंत फरक वाढलेला, शेवटी तर प्रेत उचललं तरी डॉक्टर खाली धीर देतोय. घड्याळ पुढे पळावं तसा हा प्रकार आहे. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींचा. अमेरिकी डीव्हीडीत तो 23.976 होतो, आणि युरोपच्या टीव्हीसाठी तोच 25 वर पळवला जातो. एका प्रतीची सबटायटलं दुसऱ्या प्रतीला लावली की दोन तासांच्या चित्रपटात शेवटाला जवळजवळ पाच मिनिटांचं अंतर पडतं. तिथे जी आणि एच पुरत नाहीत, वेग बदलावा लागतो. सबटायटल एडिटसारखा प्रोग्राम हे काम एका झटक्यात करतो. आणि ज्याने मुळात ती फाइल केली त्याने, कुठल्या तरी गावात बसून, प्रत्येक वाक्याचं तोंड कुठे उघडतं आणि कुठे मिटतं हे कानाने टिपलेलं असतं. त्याला ना पैसे, ना नाव. मला तो आमच्या दुभाष्यांच्या जातीचा वाटतो.

आत्यासाठी मी हे काम केलं. ती गोंदियाची, लग्न होऊन भिलाईला आली, शाळेत शिकवून निवृत्त झाली. आता ऐकू कमी येतं. वयाने कान जातात ते बारीक, उंच आवाजांपासून. स, श, त, क, फ ही व्यंजनं आधी जातात, स्वर उरतात. कुणी बोलतंय हे कळतं, काय ते कळत नाही. टीव्हीचा आवाज वाढवला तर स्वरच मोठे होतात. “बाबू, तो काय म्हणून राहिला?” असं ती विचारायची. हळूहळू विचारणं बंद झालं, आणि मग चित्रपट पाहणंही. मराठी चित्रपटांच्या डीव्हीडीवर असली तर इंग्रजी सबटायटलं असतात. तिला मराठीच हवं होतं. ती फाइल कुठे मिळेना, तेव्हा करायची ठरवली.

‘श्वास’ घेतला. ‘श्यामची आई’नंतर सुमारे पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा, संदीप सावंत यांचा. नातवाच्या डोळ्यांत कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार, हे आजोबांना सांगायचं आहे. आत्या शिक्षिका, भराभर वाचते. दोन ओळींच्या मजकुराला सहा सेकंद द्यावेत असा जुना दंडक आहे; ती दोन सेकंदांत वाचून मोकळी. म्हणजे डॉक्टर वाक्य संपवायच्या आत तिला ते कळणार, आणि आजोबा झालेल्या अरुण नलावडेंच्या चेहऱ्यावर ते पोचण्याआधी तिच्यापर्यंत पोचणार. असं होऊन चालणार नव्हतं. म्हणून डॉक्टरांची वाक्यं मी फोडली. पहिला अर्धा भाग एका नोंदीत. मग थांबा, नुसतं चित्र. मग उरलेला भाग, आवाजाच्या बरोबर. प्रोग्राममध्ये आवाजाचा आलेख दिसतो. शांतता म्हणजे सरळ आडवी रेघ. त्या रेघेवर काही लिहायचं नाही, एवढंच मी पाळलं. दवाखान्यातली वर्दळ कंसात लिहावी का, यावर बराच घोळ घातला आणि शेवटी जिथे माणसं आवाजाकडे मान वळवतात तिथेच लिहिली.

फाइल साठवताना यूटीएफ-8 निवडावं लागतं, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते. जुन्या प्लेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडायची. आत्याने ते क्षणभरही चालवून घेतलं नसतं. नव्यात नीट येते.

तिने पाहिला. मधे मधे ती ओळी पुटपुटत होती, वर्गात धडा वाचावा तशी.

मराठी चित्रपटाला मराठी सबटायटल कशाला, असं घरी आलेल्या एकाने विचारलं. ब्रिज कोठारी यांना हे विचारायला हवं. अमेरिकेत इथाका इथे शिकत असताना मित्रांबरोबर स्पॅनिश चित्रपट पाहताना त्यांच्या मनात आलं की सबटायटलंही स्पॅनिशच असती तर भाषा शिकायला किती बरं झालं असतं. आणि मग, आपल्याकडे हिंदी गाण्यांखाली हिंदीच शब्द दिले तर अक्षरओळख विसरत चाललेली माणसं गाता गाता वाचायला लागतील. 1996 पासून अहमदाबादच्या आयआयएममधून त्यांनी हे काम सुरू केलं आणि पुढे ‘चित्रहार’च्या गाण्यांखाली शब्द सरकू लागले. इतका सरळ आणि इतका स्वस्त उपाय मी दुसरा पाहिलेला नाही. प्रत्येक मराठी चित्रपटाबरोबर, प्रत्येक नाटकाच्या ध्वनिचित्रफितीबरोबर मराठी फाइल मिळायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आता आत्याला ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे नाटक हवंय. लक्ष्मण देशपांडे एकटे 52 पात्रं उभी करतात. आवाज बदलला की ऐकणाऱ्याला कळतं माणूस बदलला. आत्याला ते कसं कळावं? एसआरटीत अक्षरांना रंग देता येतो, म्हणून मुख्य माणसांना रंग द्यावे असं म्हटलं, तर तिला पिवळा नीट दिसत नाही आणि निळा अजिबात नाही. काळ्या पट्टीवर पांढरंच बरं. तेव्हा रंग गेले आणि नावं आली. देशपांडे इतक्या वेगाने बोलतात की पूर्ण नाव लिहिलं तर वाक्याला जागा उरत नाही. नावं दोन अक्षरांत बसवायची आहेत. कुणाची कुठली दोन अक्षरं, ती यादी आत्याच करते आहे. ऐकू येत होतं तेव्हा तिने ते इतक्यांदा ऐकलंय की कोण कुणानंतर बोलतो ते तिला माझ्याआधी ठाऊक असतं.