श्प्रेवाल्डच्या मचाणावर

मुलीचे लग्न ठरले तेव्हा व्याही काय करतात, हा प्रश्न आमच्या घरात रीतीप्रमाणे निघाला. "सुतारकाम करायचे. आता निवृत्त आहेत," मुलगी म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तरी चालले असते. पण पुरते सांगून टाकायची तिला लहानपणापासूनच खोड. "आणि शिकार करतात," तिने जोडले. आमच्या सौभाग्यवतींनी हातातली वाटी खाली ठेवली. "कसली?" "रानडुकरांची." त्यानंतर पाच मिनिटे घरात फक्त पंख्याचा आवाज होता.

अशा या व्याह्यांच्या गावी गेल्या मे महिन्यात जाण्याचा योग आला. बर्लिनहून आग्नेयेला तासाभर आगगाडीने गेले की श्प्रेवाल्ड लागते. श्प्रे नदी इथे शेकडो कालव्यांत आणि ओहोळांत फुटते. लेडे नावाच्या गावात तर उन्हाळ्याच्या हंगामात टपालसुद्धा नावेतून वाटतात. गावांच्या पाट्या दोन भाषांत. एक जर्मन आणि दुसरी सोर्बियन, म्हणजे इथल्या जुन्या स्लाव लोकांची. काकडीच्या लोणच्यासाठी हा मुलूख प्रसिद्ध. पहिल्याच रात्री विहीणबाईंनी उकडलेले बटाटे, चक्क्यासारखे घट्ट दही आणि वर जवसाचे तेल असे ताट पुढे ठेवले. जवसाचा वास आला मात्र, आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा खुलला. जवसाच्या चटणीवर वाढलेल्या माणसाला हे घर परके वाटेना.

व्याहीबुवा माणूस अबोल. उंच, हात फळीसारखे रुंद, वय अडुसष्ट. त्यांना इंग्रजी बेताचे आणि मला जर्मन मुळीच नाही. तेव्हा मधे दुभाषी म्हणून मुलगी. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मला एक खरेदी करायची आहे. तुम्ही चला. चार डोळे बरे." खरेदी होती रायफलच्या दुर्बिणीपुढे चढवायच्या थर्मल यंत्राची.

आता या खटाटोपाचे कारण सांगितले पाहिजे. आपल्याकडे शिकारी म्हणजे हौशी माणूस. तिथे तो जंगलाचा अर्धा कारकून असतो. परवान्यासाठी अशी कठीण परीक्षा द्यावी लागते की लोक तिला हिरवी मॅट्रिक म्हणतात. मग ठराविक रान भाडेपट्ट्याने घ्यायचे. रानडुकरांनी शेतकऱ्याचा मका उकरला, तर बहुतेक पट्ट्यांत त्याची भरपाई शिकाऱ्याच्या माथी! मे महिन्यात मका नुकताच पेरलेला असतो. डुकरे पंगतीला बसल्यासारखी सरीच्या एका टोकापासून सुरुवात करतात आणि दाणा न् दाणा टिपून दुसऱ्या टोकाला उठतात. आदल्या वर्षीच्या भरपाईचा आकडा व्याह्यांनी मला बोटाने टेबलावर लिहून दाखवला. तोंडाने सांगायला जड जात असावे.

त्यात १० सप्टेंबर २०२० रोजी याच ब्रांडेनबुर्ग राज्यात, पोलंडच्या सरहद्दीजवळ, एका मेलेल्या रानडुकरात आफ्रिकन स्वाइन फीव्हर सापडला. जर्मनीतला हा पहिलाच. माणसाला या रोगाची बाधा होत नाही. पण डुकराला तो झाला की बहुधा संपलेच. चीनने लगेच जर्मनीचे डुकराचे मांस घेणे थांबवले. सरहद्दीकडे कुंपणे उभी राहिली आणि रानडुकरे कमी करा, असा शिकाऱ्यांमागे लकडा लागला. पण रानडुक्कर बाहेर पडते रात्री. पूर्वी चांदण्या रात्री मचाणावर बसत. साठीनंतर चांदणे कविता वाचण्यापुरते उरते. त्यात दुर्बिणीतून नेम धरवत नाही. २०२० सालीच शस्त्रकायद्यात दुरुस्ती होऊन परवानाधारक शिकाऱ्याला दिवसाच्या दुर्बिणीपुढे बसवायचे रात्रदर्शक बाळगण्याची मुभा मिळाली. ते वापरू द्यायचे की नाही, हे मात्र प्रत्येक राज्याच्या शिकारकायद्यावर. ब्रांडेनबुर्गात रानडुकरांसाठी ते चालते.

कोटबुस शहरातल्या दुकानात शिरलो. दुकानदाराने आधी व्याह्यांचा परवाना पाहिला, मग यंत्रे काढली. मला त्याने हातात धरायचे एक थर्मल पाहणीयंत्र दिले. त्याला रायफल लागत नाही. नुसते डोळ्याला लावायचे. मी ते लावले आणि चाटच पडलो. विहीणबाई पांढऱ्याशुभ्र, त्यांचे नाक मात्र काळे! नाक गार असते म्हणे. दुकानदाराने तळहात टेबलावर दाबून उचलला; टेबलावर पंजा तसाच उजळ उरला, भिंतीवर उठवलेल्या कुंकवाच्या हातासारखा. खिडकीतून बाहेर पाहू गेलो तर रस्ता दिसेना. काचेत माझीच भुतासारखी आकृती. ही उष्णता साध्या काचेतून जात नाही, म्हणून या यंत्राचे भिंग जर्मेनियम नावाच्या मूलद्रव्याचे करतात. आपल्या डोळ्याला ते धातूच्या चकतीसारखे अपारदर्शक दिसते. हे मूलद्रव्य १८८६ साली शेजारच्याच सॅक्सनी प्रांतात, फ्रायबेर्ग गावी, क्लेमेन्स विंक्लर यांनी शोधले आणि त्याला आपल्या देशाचे नाव दिले.

दुकानदाराने टेबलावर दोन जोडयंत्रे मांडली. लहान होते ३८४ गुणिले २८८ ठिपक्यांचे, म्हणजे एकूण एक लाख दहा हजार ठिपके. मोठे ६४० गुणिले ४८० चे. तीन लाख सात हजार. किमतीत हजार युरोंहून अधिक फरक. मी आपल्या घरच्या सवयीने म्हणालो, "एकदाच घ्यायचे तर मोठे घ्यावे." दुकानदाराला माझा सल्ला फार आवडला.

व्याही मात्र सुताराच्या चौकसपणाने प्रश्न विचारू लागले आणि मला हळूहळू त्या वस्तूचे मर्म कळू लागले. या यंत्रात एक छोटा पडदा असतो आणि आपली नेहमीची दुर्बीण त्या पडद्याकडे पाहते. दुर्बिणीची ताकद वाढवली तर डुक्कर स्पष्ट होत नाही; ठिपके तेवढे मोठे होतात. तेव्हा ताकद कमीच ठेवायची. दुसरे, यंत्र ज्या कड्याने दुर्बिणीच्या तोंडावर बसते ते कडे चोख हवे. "अर्धा मिलिमीटर ढिले असेल तर ते बिजागर झाले," व्याही म्हणाले. तिसरे, यंत्र चढवल्यावर आणि उतरवल्यावर गोळी एकाच जागी पडते की नाही, हे नेमबाजीच्या मैदानावर शंभर मीटरांवर गोळ्या झाडून स्वतः पाहायचे. दुकानदाराच्या शब्दावर राहायचे नाही. चौथे, अर्धा किलो वजन दुर्बिणीच्या टोकाला लटकले की रायफलचा तोल जातो. आणि पाचवे, चित्र ताजे करताना यंत्रात बारीक 'टक' होते. ते डुकराला ऐकू जाईल का?

"हे काढून हातातही धरता येते," दुकानदार म्हणाला. "वेगळे पाहणीयंत्र घ्यायची गरज नाही." व्याह्यांनी मान हलवली, पण त्या दिवशी काहीच घेतले नाही.

घरी कॉफी पिताना मी त्यांना माझ्या मामाची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे. आमच्या घरात ती फारशी कोणी काढत नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा येण्याआधीची गोष्ट. राजापूरकडे मामाची भातशेती होती आणि घरात परवान्याची ठासणीची बंदूक. भात पिकले की रात्री डुकरे येत. मामाने नळीखाली बॅटरी बांधली होती, म्हणजे जिकडे बंदूक तिकडे उजेड. एका रात्री बांधापाशी सळसळ झाली. मामाने बंदूक तिकडे वळवली. उजेडात काळे, वाकलेले, हलणारे काही दिसले. तो आमचा गडी होता. घोंगडी पांघरून पाणी वळवायला बसला होता. जीव वाचला, पण छर्रे मांडीत गेले आणि पाय जन्माचा अधू झाला. मामाने त्यानंतर बंदुकीला हात लावला नाही. दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला तो गडी लंगडत घरी येई, मामा त्याला नवे धोतर देई. दोघेही एकमेकांकडे पाहत नसत. मी मात्र मामाला मनातल्या मनात आयुष्यभर नावे ठेवत आलो. दोन क्षण थांबायला काय झाले होते?

मुलीने शेवटचे वाक्य भाषांतरित केले तेव्हा तिचाही आवाज बसला होता. तिने ही गोष्ट प्रथमच ऐकली. व्याही बराच वेळ कपात पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या मामांना पाहण्यासाठी बंदूक रोखावी लागली. चूक तिथेच झाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लहान जोडयंत्र घेतले, आणि उरलेल्या पैशांत हातात धरायचे पाहणीयंत्र. दुकानदाराने मोठ्याचे गुण पुन्हा सांगितले. व्याही म्हणाले, "रात्री ऐंशी मीटरांपलीकडे मी गोळी झाडत नाही. तेवढ्याला हे पुरते. पण अंधारात, घाईत, जोडयंत्र काढून कोण हातात घेतो? माणूस रायफलच फिरवून पाहू लागतो."

त्या रात्री मीही मचाणावर गेलो. मचाण त्यांनीच बांधलेले. एक फळी वाजेल तर शपथ! उंचीवरून गोळी खाली जमिनीत जाते, चुकली तरी भलतीकडे पोचत नाही, म्हणून हा खटाटोप. रायफल कोपऱ्यात उभी. पाहणीयंत्र आळीपाळीने दोघांच्या हातात. एक ससा दिसला, मग दोन हरणे. दिवसभर तापलेला एक धोंडा तासभर मला डुक्कर वाटत होता.

अकराच्या सुमारास मक्याच्या कडेला एक मोठा पांढरा आकार आला. धिप्पाड, एकटा, साठ पावलांवर. माझे काळीज धडधडू लागले. व्याह्यांच्या दंडाला धरून मी कुजबुजलो, "मारा!" मराठीतच बोललो, पण ते समजायला दुभाषी लागत नाही.

त्यांनी माझ्या हातातून यंत्र घेतले आणि पाहू लागले. दोन मिनिटे. पाच मिनिटे. रायफल कोपऱ्यातच. मला वाटले, म्हातारा कचरला. मग त्यांनी यंत्र माझ्या डोळ्याला लावले. कडेच्या उंच गवतातून एक ठिपका निघाला, मग दुसरा, मग एकामागून एक चार. पळत पळत ते मोठ्या आकाराच्या पोटाशी गेले. या यंत्राला ऊब कळते, रंग कळत नाही. पिल्लांच्या अंगावरचे पट्टे त्यात दिसत नाहीत. उंच गवताआडची पिल्लेही दिसत नाहीत. लेकुरवाळी डुकरीण मारायला तिथे कायद्याने बंदी आहे, पण व्याह्यांच्या चेहऱ्यावर कायदा दिसत नव्हता.

डुकरीण पिल्लांना घेऊन सरीने दाणे टिपत गेली. त्या भरपाईचे पैसे व्याह्यांच्याच खिशातून जाणार होते. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. ज्या दोन क्षणांसाठी मी मामाला उभ्या जन्मात क्षमा केली नव्हती, ते माझ्या हाती आले तेव्हा मी काय केले, हे मला चांगलेच ठाऊक होते.

पुढे जूनमध्ये व्याह्यांनी एक तरणे डुक्कर मारले, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवली, शेवटचा घास म्हणून. मुलीने फोनवर सांगितले. आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "नीट पाहिले होते ना त्यांनी?"

"पाहिले होते," मी म्हणालो. यंदाच्या पाडव्याला व्याह्यांना आहेर काय पाठवावा, याचा घरात खल चालला आहे. मी धोतर सुचवले. सगळे हसले. मी हसलो नाही.