दिवेलागणीचा तास

आमच्या घरातल्या पहिल्या टीव्हीला लाकडी शटर होतं. दोन्ही बाजूंनी सरकत मधोमध मिटणारं आणि मिटल्यावर कुलूप लावता येणारं. किल्ली चपटी, करंगळीच्या पेराएवढी. ती आजीच्या लुगड्याच्या पदराला बांधलेली असायची. त्याच गाठीत तिची सुपारी आणि एखादं नाणं.

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं आमचं गाव. 1987 च्या जानेवारीत रामायण सुरू झालं, तेव्हा अख्ख्या गावात दोन-तीनच टीव्ही होते. रविवारी सकाळी आमची ओसरी माणसांनी भरून जायची. अंगणात चपलांचा ढीग पडायचा. बायका डोक्यावरचा पदर सावरून पुढं बसायच्या, म्हातारी माणसं पडद्याला हात जोडायची. आजी त्या दिवशी पहाटेच आंघोळ उरकायची आणि स्वतःच्या हाताने शटर उघडायची. टीव्हीचं तिला वावडं नव्हतं. गावाने एकत्र बसून काहीतरी पाहावं, याचा तिला आनंदच होता.

पण दिवस कलला, गुरं परतायला लागली की ती उठायची आणि शटर ओढून कुलूप घालायची. मग कसलाही कार्यक्रम असो. एकदा मी फार रडलो. तेव्हा ती जवळ घेऊन म्हणाली, ‘लक्ष्मी यायची येळ झाली, बाळा. ती दारात आल्यावर तिला समद्यांच्या पाठीच दिसाव्यात का?’

मग कंदिलाची काच राखेने पुसली जायची. तुळशीपाशी दिवा लागायचा. गोठ्यात धारांचा आवाज, चुलीपाशी भाकरी थापल्याचा आवाज. आम्ही भावंडं मांडी घालून शुभंकरोती म्हणायचो, मग पाढे. बे ते तीस, आणि उजळणी म्हणून पावकी, निमकी. शेवटी मनाचे श्लोक. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच तालुक्यातलं. त्यामुळे ते श्लोक पुस्तकातले न वाटता, शेजारच्या गावातल्या कुणा वडीलधाऱ्याने समजावून सांगितल्यासारखे वाटायचे. दिवेलागणीच्या त्या तास-दीड तासात आमच्या घरात कुणी कुणाला पाठमोरं नसायचं. हे तेव्हा कळलं नाही, आज कळतं.

पुढं आजी गेली. नवा रंगीत टीव्ही आला, त्याला शटर नव्हतं. किल्ली राहिली, कुलूप गेलं. 1992 मध्ये झी टीव्ही सुरू झाला, 1999 मध्ये अल्फा मराठी आली, आणि केबलची काळी वायर विजेच्या खांबांवरून गल्लोगल्ली फिरत घराघरात शिरली. रोजच्या मालिका सुरू झाल्या, त्याही संध्याकाळी सातनंतर. जिला आम्ही तिन्हीसांज म्हणत होतो, तिला आता ‘प्राईम टाइम’ असं नाव मिळालं. यावर मी पुष्कळ विचार केला आहे. वाहिन्यांनी दुपार का निवडली नाही? पहाट का नाही? कारण शेतातला, दुकानातला, शाळेतला, कारखान्यातला माणूस घरी येऊन एका छपराखाली सापडतो, तो याच वेळी. घर एकत्र येण्याची जी वेळ आजी पदराच्या गाठीत जपत होती, तीच बाजाराने हेरली. तिची किंमत बाजाराला कळली; आम्हाला कळेपर्यंत ती हातातून गेली होती.

मधे काही वर्षं ती वेळ आपसूक परत आली होती. 2005 नंतरचं भारनियमन आमच्या खेड्यांनी फार सोसलं. त्याचं कौतुक मला करायचं नाही. कापसाला आणि मोसंबीला पाणी द्यायचं म्हणून रात्री-अपरात्री विहिरीवर जाणाऱ्या, पायाखालचं जनावर न दिसणाऱ्या शेतकऱ्याला विचारा अंधार म्हणजे काय ते. पण संध्याकाळी लाइट गेली की ओटे माणसांनी भरायचे, हेही खरं. कुणाची पोर नांदायला गेली, कुणाची म्हैस व्याली, मोसंबीला काय भाव निघाला, सगळं त्या अंधारात उजेडात यायचं. लाइट आली की पोरं ओरडायची, आणि क्षणात ओटा रिकामा. तो रिकामा ओटा पाहिला की मला चुकल्यासारखं व्हायचं. एकमेकांशी बोलायला आपल्याला अंधारच का लागावा?

तरीही टीव्हीला मी शत्रू म्हणणार नाही. 2020 मध्ये शाळांना कुलपं लागली, तेव्हा आमच्या वस्तीवर कितीतरी घरांत मोबाइल एकच, आणि तोही बापाच्या खिशात. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं. माझी भाची वही-पेन्सिल घेऊन पडद्यासमोर बसायची आणि तिकडून प्रश्न आला की मोठ्याने उत्तर द्यायची. त्या दिवसांत टीव्हीने शाळेची जागा राखून ठेवली. ज्या पडद्याने रामायण दाखवलं आणि बंद पडलेली शाळा घरात आणली, त्याला नुसता दोष देणं हा कृतघ्नपणा होईल.

आता आम्ही जालना शहरात राहतो. घरात माझी माय, मी, पत्नी आणि सात वर्षांची लेक. लेकीचं पडद्याचं वेड वाढायला लागलं तेव्हा आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलं, भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत: 2 वर्षांखालच्या मुलांना पडदा नको, 2 ते 5 वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, 5 ते 10 वर्षांपर्यंत 2 तासांपेक्षा कमी. त्या मला पटल्या. मी कागदावर लिहून तो फ्रिजवर चिकटवला आणि मोजायला सुरुवात केली.

महिनाभरात घराचं रूप पालटलं. लेक मिनिटांचा हिशोब ठेवायला लागली. ‘बाबा, जाहिराती धरायच्या का?’ ‘काल दहा मिनिटं कमी पाहिला, ती आज द्या ना.’ तास कमी झाले खरे, पण उरलेल्या वेळात ती कुणाजवळ येऊन बसत नव्हती. पुढची पाळी कधी येते याची वाट पाहत होती. आणि एक दिवस तिने अगदी शांतपणे विचारलं, ‘बाबा, आजीचे किती तास? तुमचे किती?’ तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. उत्तर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

त्या रात्री मला सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवलं. कडेगाव तालुक्यातल्या या गावाने 2022 च्या ऑगस्टमध्ये एक निर्णय घेतला. संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि घराघरातले टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो, तोवर मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी हा विचार मांडला तो टाळेबंदीनंतर मुलं पडद्याला चिकटून बसल्याचं पाहून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी करण्याचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ एकच. पण वडगावचा भोंगा माझ्या मनात अधिक खोल गेला, कारण तो फक्त मुलांसाठी वाजत नाही. तो आजोबांच्या बातम्यांसाठी आणि आईच्या मालिकेसाठीही वाजतो.

आणि वडगाव एकटं नाही. आइसलँड या थंड देशात 1966 मध्ये टीव्ही आला, पण 1987 पर्यंत तिथं गुरुवारी प्रक्षेपणच नसायचं, आणि कित्येक वर्षं सबंध जुलै महिना टीव्ही बंद असायचा. ब्रिटनमध्ये 1957 पर्यंत संध्याकाळी सहा ते सात पडदा कोरा राहायचा, का तर लहानग्यांना निजवायला आईबापांना उसंत मिळावी. त्या देशांत हा पडदा राज्यकर्त्यांनी आणि प्रक्षेपण करणाऱ्यांनी बंद ठेवला, वडगावात गावाने. आता वाहिन्या चोवीस तास चालतात. त्या आपणहून थांबतील ही आशा धरण्यात अर्थ नाही. शटर पुन्हा घरालाच बसवावं लागणार.

मग मला माझ्या आजीचं शहाणपण उमगलं. तिने टीव्हीचे तास कधीच मोजले नाहीत. तिने एक वेळ राखली. किती पाहायचं हा प्रश्न तिच्या लेखी नंतरचा होता. आधीचा प्रश्न, आपली म्हणून कोणती वेळ ठेवायची.

फ्रिजवरचा कागद मी काढला. दुसऱ्या दिवशी जेवताना सगळ्यांसमोर बोललो: सात ते साडेआठ टीव्ही बंद, माझा मोबाइलही कपाटात. पत्नी लगेच हो म्हणाली. माय गप्प बसली. मग हळूच म्हणाली, ‘दिवसभर तुम्ही बाहेर. तुझे वडील गेल्यापासून ती मालिकेतली माणसंच माझ्याशी बोलल्यावानी वाटतात रे.’ ते ऐकून माझा घास घशात अडकला. मायची मालिका हा तिचा छंद नव्हता, ती तिची सोबत होती. सोबत काढून घ्यायची तर तिच्या जागी सोबतच द्यावी लागते. मालिकेचा तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो, तो तिने तेव्हा पाहावा आणि संध्याकाळी आम्ही तिच्यापाशी बसावं, असं ठरलं.

पहिले आठ दिवस अवघड गेले. काय बोलावं ते सुचत नव्हतं. घरातली शांतता अंगावर यायची, आणि इतकी वर्षं आपण एका घरात राहून किती कमी बोललो, हे त्या शांततेनेच दाखवलं. मग एके संध्याकाळी माय तूरडाळ निवडायला बसली आणि लेक तिच्या परातीपाशी सरकली. निवडता निवडता मायने पावकी म्हणायला सुरुवात केली. पोरीला ते गाणंच वाटलं. हल्ली ती मायकडून जात्यावरच्या ओव्या शिकते. जातं तिने पाहिलेलं नाही, पण ते कसं फिरतं हे आजीच्या मनगटाकडे पाहून तिला समजतं. साडेआठ वाजून गेलेले कधीकधी कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. कधी सगळ्यांच्या ध्यानात येतात, मग आम्ही टीव्ही लावतो आणि एकत्र बसून पाहतो. त्यातही काही वाईट नाही.

सगळ्यांच्या घरी हा तास सातचा असेल असं नाही. आमच्याच शहरातल्या लोखंडाच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्याच्या घरी तो सकाळी असेल, कापूस वेचून दमलेल्या बाईच्या घरी तो अर्ध्या तासाचाच असेल. पण तो असावा, आणि तो सगळ्यांचा असावा. लेकरांना नियम आणि मोठ्यांना मोकळीक, असं असेल तर तो पाळला जाणार नाही. पाळला गेलाच तर त्यातून माया उगवणार नाही.

म्हणून वाचणाऱ्या आयाबापांना माझं हात जोडून सांगणं आहे. मुलांचे तास मोजण्याआधी घराची एक वेळ ठरवा आणि त्या वेळी पहिला पडदा स्वतःचा बंद करा. लक्ष्मी येते की नाही, मला ठाऊक नाही. पण त्या वेळी आपलं लेकरू नक्की येतं. त्याला आपली पाठ दिसू देऊ नका.